मंडेच्या कपाळाचा दोरा

२० एप्रिल १८६२, रविवार

तारीख टेमरने घातली आहे. मला विचाराल तर आज ईस्टर आहे आणि बोय मासा खाडीत शिरला आहे. याहून जास्त तारीख मला आयुष्यात कधी लागली नाही.

टेमर माझी नात. आमचा मालक हॅरोसाहेब, त्याची मुलं सांभाळता सांभाळता त्यांच्या पाटीवरून चोरून अक्षरं शिकली. तेव्हा कळलं असतं तर पाठीची साल गेली असती. आता साहेबच पळाला, म्हणून ती उघड लिहिते. ही वही तिला मिस ऑल्डनने दिली. त्या उत्तरेकडून आम्हाला शिकवायला आलेल्या बाई. बोटीतून उतरल्यापासून उन्हाने त्यांचं नाक सोललं आहे, पण परत जायचं नाव घेत नाहीत. बाई म्हणाल्या, रोज काहीतरी लिहीत जा, हात बसेल. टेमर म्हणाली, मी दिवसभर मका पेरते, त्यात लिहायचं काय? मी म्हटलं, मी बोलते, तू लिही. मला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, नि तुला माझं तोंड बंद करायचा दुसरा उपाय सापडलेला नाही.

एकच अट घातली, की मी म्हणेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. ती मान डोलावते. काय लिहिते देव जाणे. मला या पानावर नुसती खेकड्यांची पावलं दिसतात.

मी रायना. या बेटावर जन्मले, सेंट हेलेना, जॉर्जियाच्या वरच्या किनाऱ्याला. मला तीन मुलगे झाले. दोघांना साहेबाने जॉर्जियात विकलं. तिसरा कजो, टेमर आणि मंडेचा बाप. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला तोफांचा दिवस झाला, उत्तरेची जहाजं आली आणि गोरे मालक पळाले. पळताना हॅरोचा मुलगा कजोला म्हणाला, होडी वल्हव, मुख्य भूमीवर चल. कजो म्हणाला, नाही. एवढाच शब्द. धक्क्यावरच्या फळीवर अजून त्याच्या रक्ताचा डाग आहे, मी घासला नाही.

आता मंडे राहिला. एकोणीस-वीसचा असेल. सोमवारी जन्मला म्हणून मंडे, आमच्याकडे नाव शोधायला लांब जात नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

प्रार्थनेच्या झोपडीत आज देवाचं नाव कमी आणि भांडण जास्त झालं. विषय एकच, गोरे एकमेकांना मारताहेत ते कशासाठी?

लायमस आमच्या झोपडीचा म्होरक्या. तो म्हणाला, हे देवाचं युद्ध आहे. पवित्र ग्रंथातल्या फेरो राजाने गुलामांना सोडलं नाही म्हणून देवाने समुद्र दुभंगला, तसंच हे. लायमसला सगळंच तसंच दिसतं. त्याची कोंबडी मेली तेव्हाही त्याने फेरोलाच धरलं होतं.

सिपिओ होडीवाला म्हणाला, देवाचं असेल तर देव कापसाचा व्यापारी दिसतो. उत्तरेचे लोक उतरले आणि आधी काय केलं? गेल्या साली आपण वेचलेला कापूस जहाजात भरला. आपल्याला नंतर मोजलं. कापूस संपला की जहाजात कोण भरायचं, ते हॅरो सांगूनच गेलाय, क्यूबाला उसाच्या मळ्यात विकतील. कुणीतरी म्हणालं, हॅरो खोटारडा होता. सिपिओ म्हणाला, खोटारडाही चुकून कधी खरं बोलतो.

बाई दाराशी बसल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भल्या आहेत, त्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठाच दोष. त्या म्हणाल्या, आमच्या घरीसुद्धा हाच वाद आहे. अध्यक्ष म्हणतात देश फुटू नये म्हणून. माझे वडील म्हणतात गुलामगिरी संपावी म्हणून. माझा काका म्हणतो, दक्षिणेने आधी तोफ डागली म्हणून, बाकी काही नाही. त्यावर लायमसने हळूच विचारलं, "देश जोडला गेला, आणि त्यांना तेवढंच पुरलं, तर मग आमचं काय, बाई?"

बाई आपल्या हातमोज्याकडे बघत राहिल्या.

अशी शांतता मला सोसत नाही. मी म्हटलं, "भरती कुणासाठी येते? चंद्रासाठी येते की कालवांसाठी? मी तिला कधी विचारलं नाही. ती आली की मी होडी सोडते." सगळे हसले, सिपिओसुद्धा. बाईंनाही बरं वाटलं. मंडे कोपऱ्यात माझा पाग, मासे धरायचं फेकजाळं, दुरुस्त करत होता, त्याची सुई तेवढी थांबली. मी म्हटलं, हात चालव, मासे तुझी वाट बघत बसलेले नाहीत.

टेमर, तू का थांबलीस? पुढे काही नाही. झोप आता.

६ मे

उत्तरेच्या जनरलचा माणूस मळ्यावर आला होता. शिपाई कोण होतो, म्हणून विचारलं. बंदूक मिळेल, कोट मिळेल, मजुरी मिळेल. कुणाचा हात वर गेला नाही. मजुरीचं ऐकून सिपिओ इतका हसला, की त्याला खोकला लागला.

मंडेने त्या माणसाला विचारलं, बंदूक परत द्यावी लागते का? असलं काय विचारायचं. मी त्याची बाही ओढून त्याला घरी आणलं.

रात्री मला झोप नाही. टेमर म्हणते, आजी, तुम्ही उगाच घाबरता. मी घाबरत नाही. माझ्याकडचे मुलगे संपत आले आहेत, एवढंच.

८ मे

आज मी मंडेच्या कपाळाला दोरा बांधला.

त्याचं वय होऊन गेलं तरी तो अजून देवाच्या शोधाला बसलेला नव्हता. शोधाला बसलं की कपाळाला दोरा बांधून पहाटे रानात जायचं, प्रार्थना करायची, दिवसा आपलं काम करायचं आणि कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. स्वप्नात कुणाचं तरी तोंड दिसतं. तो आपला वाटाड्या. त्याच्यापुढे जाऊन पहिला शब्द बोलायचा, मग तो प्रश्न विचारतो, दोरा सोडतो आणि प्रार्थनेच्या झोपडीत सभासद म्हणून घेऊन जातो. तोवर शोधकऱ्याला कुणी हाक मारत नाही, कामावरून उठवत नाही. हॅरोचा मुकादम माणसाच्या रूपातला डास होता, तोसुद्धा दोरा बघितला की बाजूने जायचा.

माझा हिशेब हाच. दोरा बांधलेल्याला शिपाई व्हायला कोण बोलावणार?

खरं म्हणजे शोधाची हाक आतून यावी लागते. ती आजीच्या स्वयंपाकघरातून येत नाही. लायमसला कळलं तर तो मला पहिल्या बाकावरून उठवेल. मी मंडेला म्हटलं, बस खाली, तुझी हाक आली आहे. तो म्हणाला, मला नाही ऐकू आली. मी म्हटलं, तुझ्या वतीने मी ऐकली. तो हसला आणि त्याने कपाळ पुढे केलं. लहानपणी उवा बघायला करायचा, तसंच. मी पांढरा दोरा घेऊन पागाची गाठ मारली. ही गाठ ओढून सुटत नाही, ज्याला ती मारता येते त्यालाच सोडवता येते.

तेव्हापासून तो गप्प आहे. घर कसं चर्चसारखं झालंय. मला ते आवडत नाही, पण जिवंत माणूस गप्प असलेला परवडला.

१२ मे, सोमवार

नेले.

सकाळी शिपाई आले, प्रत्येक मळ्यावर. सगळे धडधाकट पुरुष जहाजावर चढवायचे, असा जनरलचा हुकूम. बाया किंचाळल्या. पुरुष मक्यातून रानाकडे पळाले, शिपाई मागे. क्यूबा, क्यूबा, असं कुणीतरी ओरडत होतं आणि मग सगळेच तेच ओरडू लागले. मिस ऑल्डन शिपायांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, रडल्या, पण हुकूम तो हुकूम.

पळणारे पुष्कळ सुटले. मंडे पळाला नाही. शोधकरी पळत नाही. तो ओकच्या झाडाखाली गुडघ्यावर होता. त्यांनी नाव विचारलं, तो गप्प. बाकीचे कुठे लपलेत विचारलं, तो गप्प. मी ओरडत होते, अरे त्याच्या कपाळाला दोरा आहे, दोरा बघा. शिपायाने दोऱ्याकडे पाहिलं. पुरं कोवळं पोर होतं ते. त्याला वाटलं, डोकं दुखत असेल म्हणून बांधलाय.

टेमर लिहिते आहे आणि रडते आहे, पान खराब होईल.

दोरा बांधला नसता तर तो पळाला असता. हे लिही. नाही, खोडू नकोस म्हटलं ना.

१३ मे

काही नाही.

१७ मे

सिपिओ जहाजावर पाणी पोचवायला हिल्टन हेडला जातो, तिथेच छावणी आहे. तो बातमी घेऊन आला. क्यूबा नाही, अजून तरी नाही. सगळ्यांना लाल विजारी दिल्या आहेत. लाल. म्हटलं, बरोबर आहे, शत्रूला नेम धरायला सोपं जावं.

दुसरी बातमी अशी, की मंडे तिथेही बोलत नाही. कवायतीत डावा पाय म्हटलं की टाकतो, पण नाव विचारलं की गप्प. कॅप्टनने त्याला मुका म्हणून लिहून घेतलाय. पहाऱ्यावरच्या मुक्या शिपायाला 'कोण आहे तिकडे' असं ओरडता येत नाही, म्हणून डॉक्टर मंगळवारी बघणार आणि घरी पाठवणार.

मी सिपिओचे दोन्ही गाल ओढले. पहिल्यांदा वाटलं, की दोरा खोटा बांधला तरी उपयोगाला आला. आता कुणी काही करायचं नाही, नुसतं थांबायचं.

टेमर म्हणते, मग थांबा ना. पोरी, तू मला किती वर्षं ओळखतेस? समजा डॉक्टरने त्याला सुई टोचून बघितली, किंवा गंमत म्हणून त्याच्या कानाजवळ बंदूक उडवली. कुणीतरी घरचं माणूस जाऊन सांगायला हवं, की पोरगा जन्माचा मुका आहे. मी मंगळवारी सिपिओच्या होडीतून जाते.

२० मे, मंगळवार

टेमर, दिवा जवळ घे. सगळं सांगते, मध्ये काही विचारू नकोस.

वारा समोरून होता. मी डोक्याला धुतलेला रुमाल बांधला होता आणि टोपलीत रताळी नि तळलेली बोय घेतली होती. छावणीत वाळू आणि तंबू, बाकी काही नाही. कॅप्टन म्हणजे टेमरहून लहान असेल, ओठावर चार केस. मी त्याच्यापुढे जमेल तेवढी वाकले, म्हणजे जमतं त्याहून जास्तच. म्हटलं, साहेब, माझा नातू जन्माचा मुका आहे. आईच्या पोटात असताना तिच्या अंगणात वीज पडली. ते कसं सुचलं मला माहीत नाही.

कॅप्टनला खरं वाटलं. भला पोरगा. मला बसायला पेटी दिली आणि स्वतःच म्हणाला, की त्याला हे असं माणसं ओढून आणणं आवडलेलं नाही. मला गप्प बसता आलं असतं. पण मी विचारलं, साहेब, तुम्ही कशासाठी लढता? तो म्हणाला, आमच्या गावातले सगळे निघाले, जिच्याशी माझं लग्न ठरलंय तिचे दोन्ही भाऊ निघाले, मग मागे कसा राहणार. मग म्हणाला, इथे आल्यावर तुमच्या पाठी बघितल्या. आता दुसरं काही वाटतं. पण ते अजून नीट सांगता येत नाही.

म्हणजे बघ, बंदूक धरलेल्यालाच माहीत नाही, आणि आमचा लायमस रोज फेरो सांगतो.

डॉक्टर कागदावर सही करायला बसला. मंडेला आणलं. लाल विजार, निळा कोट, कपाळाला माझा दोरा. गालाची हाडं वर आली होती. मी त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे गप्प राहा.

त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की... कसं सांगू. तो माझ्यासमोर आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "आजी, तुम्हीच दिसलात."

डॉक्टरची लेखणी थांबली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, चूप. तो म्हणाला, "तीन पहाटा तुम्हीच दिसलात. छातीएवढ्या पाण्यात उभ्या होतात, डोक्यावर पाग. मला म्हणालात, भरती आली, होडी सोड."

टेमर, दोरा मी खोटा बांधला होता. तो खरा झाला हे मला कुणी सांगायचं? वाटाड्या समोर आला की शोधकऱ्याला बोलावंच लागतं. मी घरी राहिले असते तर तो गप्प राहिला असता आणि आज इथे जेवायला असता. मी त्याला सोडवायला गेले, आणि ज्या एका तोंडापुढे त्याचं तोंड उघडणार होतं तेच तोंड घेऊन गेले.

कॅप्टन चिडला नाही. त्याने मंडेला नाव विचारलं, मंडेने सांगितलं. मग मला म्हणाला, आजीबाई, वीज नीट पडली नाही वाटतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. मी त्याचे पाय धरले. म्हटलं, याचा बाप धक्क्यावर पडला, याचे दोन काका विकले गेले, हा एक ठेवा. तो म्हणाला, हुकूम माझा नाही. पण पोराला घरी जायचं असेल तर मी डॉक्टरला विचारून बघतो.

त्याने खरंच विचारलं. मंडेकडे वळून म्हणाला, जायचंय?

मी वाटाड्या आहे. वाटाड्याला प्रश्न विचारायचा हक्क असतो. म्हणून मी मध्येच विचारलं, "हे कशासाठी लढतात ते यांनाच ठाऊक नाही, मंडे. देशासाठी असेल, कापसासाठी असेल, याच्या होणाऱ्या बायकोच्या भावांसाठी असेल. तू कशाला मरतोस?"

तो म्हणाला, "त्यांचं अजून ठरलेलं नाही, आजी. ठरायच्या आत आपण आत शिरायला पाहिजे."

इतके दिवस न बोलून त्याचा आवाज कजोसारखा घोगरा झाला होता. झोपडीत सगळ्यांना हसवायला भरतीचं एक वाक्य टाकलं होतं, ते या पोराने खाली पडू दिलं नाही.

दोरा सोडायला हवा होता. वाटाड्याचं कामच ते. मी त्याच्या कपाळाला हात लावला, पण घामाने भिजून गाठ आवळली होती, माझीच असून सुटेना. तेवढ्यात बिगुल वाजला आणि त्याला रांगेत उभं राहावं लागलं. दोरा तसाच राहिला. रताळी कॅप्टनला दिली. बोय परत आणली, ती तू खा.

२२ जून, रविवार

लायमसला सगळं सांगितलं. मला वाटलं, बाकावरून उठवेल. तो काठी भिंतीला टेकवून माझ्याशेजारी बसला. म्हणाला, देवाने गाढवाच्या तोंडूनही काम करून घेतलंय, रायना. मी म्हटलं, धन्यवाद.

सिपिओ आता क्यूबाचं नाव घेत नाही. मजुरीचं घेतो. अजून एकाही शिपायाला मजुरी मिळालेली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल निरोप आला, की पलटण मोडली. वरच्या सरकारने मान्यता दिली नाही, मजुरी नाही, सगळे घरी. बेटभर ओरडा झाला. मी मक्याचा घाटा मोठ्या हंड्यात चढवला, कालवं फोडली आणि भरतीच्या आधीच धक्क्यावर जाऊन बसले. त्या फळीवर, डागाशेजारी.

होडी आली. शेजारच्या मेरीचा सायरस उतरला, दोघे जुळे उतरले, चुकून पकडून नेलेला म्हातारा अबेल उतरला. लाल विजारी विटून गुलाबी झाल्या होत्या. मी प्रत्येकाच्या कपाळाकडे बघत होते.

शेवटी सायरस माझ्याजवळ आला. म्हणाला, मावशी, एक तुकडी मोडली नाही. जॉर्जियाकडच्या एका बेटावर बंडखोर लपलेत, तिकडे धाडली. कॅप्टनने विचारलं, कोण थांबतो. मंडे पहिला पुढे झाला. मी विचारलं, आणि दोरा? सायरस म्हणाला, आहे. रात्री झोपतानाही काढत नाही. म्हणतो, आजीची गाठ आहे, आजी सोडेल.

जॉर्जिया. माझे दोन मुलगे तिकडेच गेले होते.

हंडा भरलेला होता. टाकून कसा देणार? सगळ्यांना वाढलं. सायरसने तीनदा घेतला.

२४ ऑगस्ट, रविवार

जहाजावर काम करणारा सायरसचा भाऊ तिकडून आला. तिथल्या बेटावर चकमक झाली. आपले काही पडले. नावं त्याला माहीत नाहीत. नावं कुणीच लिहून घेतलेली नाहीत, मान्यता नसलेल्या पलटणीला नावं नसतात.

आज झोपडीत मिस ऑल्डननी मला एकटीला विचारलं, की उत्तरेत त्यांच्या वडिलांना लिहायचं आहे, तर युद्ध कशासाठी चाललंय याबद्दल रायनाआजी काय म्हणते? पूर्वी मी काहीतरी म्हटलं असतं आणि त्या हसल्या असत्या. माझ्या तोंडात शब्द आलासुद्धा. मी तो गिळला. मी काहीतरी म्हणते आणि लोक ते खरं धरून चालायला लागतात.

टेमर, बाईंना एवढं सांग, की सुरू कशासाठी झालं ते सुरू करणाऱ्यांना विचारा. आता त्यात कोण आहे ते मला माहीत आहे. बाकी मला काही म्हणायचं नाही.

आता दोरा आण. तो नाही, तो मळलेला, पांढरा आण. मी स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला बांधते. वाटाड्याच बोलत बसला तर शोधकऱ्याला रस्ता कसा ऐकू येणार? तो येईपर्यंत मी बोलणार नाही. दुसऱ्या कुणाशी नाही, तुझ्याशीही नाही. लायमसला आनंद होईल. गाठ मी तीच मारली आहे, पण ती सोडवायची कशी ते मंडेला शिकवलेलं आहे, लहानपणी, पाग विणताना. त्याने येऊन सोडावी. मग त्याची मी सोडेन.

बोलणं नाही म्हणजे लिहिणंही नाही. तुझा हात चांगला बसला आहे असं बाई म्हणतात. आता तुझं तू लिही.

१४ सप्टेंबर, रविवार

हे मी, टेमर, लिहिते.

आज भरती सकाळी आली. आजी धक्क्यावर गेल्या. पाग खांद्यावर होता, तो टाकला नाही. एक होडी दुसऱ्या मळ्याकडे वळली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मी म्हटलं, आजी, ऊन लागेल, चला.

त्या काही बोलल्या नाहीत.